तापणारा टॅब्लेट, घोंघावणारा संगणक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

टॅब्लेट आणि डेस्कटॉप संगणक यांच्या अंतर्रचनेविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा येथे निवडली आहेत. बहुतेक पत्रांच्या तळाशी एकच शंका आहे : ही यंत्रे अशी बनवली जातात ती नाइलाजाने की मुद्दाम? दोन्ही गोष्टी घडतात, आणि अनेकदा एकाच यंत्रात घडतात. म्हणून प्रत्येक उत्तरात निसर्गनियमांची सक्ती कुठे संपते आणि उत्पादकाची निवड कुठे सुरू होते, हे शक्य तितके स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्न : उन्हाळ्यात दुपारी माझा टॅब्लेट हातात धरवत नाही इतका तापतो. पडदा आपोआप मंद होतो आणि कधी कधी तापमानाची सूचना दाखवून टॅब्लेट काम करणेच थांबवतो. त्याच खोलीत मुलाचा डेस्कटॉप मात्र दिवसभर चालतो. टॅब्लेटमध्ये एक लहानसा पंखा बसवायला काय हरकत आहे?
– एक निवृत्त शिक्षक, अकोला

आपल्या टॅब्लेटमधील उष्णतेला बाहेर पडायला एकच वाट आहे, ती म्हणजे त्याचे स्वतःचे अंग. तेरा इंची टॅब्लेट साधारण २८ सेंटिमीटर लांब आणि साडेएकवीस सेंटिमीटर रुंद असतो. पुढची काच आणि मागची पाठ मिळून सुमारे ०.१२ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. स्थिर हवेत ठेवलेली वस्तू भोवतालपेक्षा एक अंशाने गरम असेल, तर तिच्या दर चौरस मीटरमधून ढोबळमानाने १० वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे टॅब्लेटचे अंग खोलीपेक्षा दहा अंशांनी तापले, तर सुमारे १२ वॅट उष्णता निघून जाईल. पुण्यातल्या डिसेंबरात, खोली २२ अंशांवर असताना, अंग ३२ अंशांवर जाऊन हे काम निमूटपणे होते आणि आपल्या हाताला केवळ ऊब जाणवते.

आता अकोल्यातली मे महिन्यातली दुपार घ्या. स्लॅबच्या घरात खोलीचे तापमान ४० अंश आहे असे धरू. धातूची पाठ ४५ अंशांच्या वर गेली की ती फार वेळ हातात धरवत नाही, त्यामुळे अभियंत्याच्या हाती उरतात फक्त पाच अंश. त्या पाच अंशांत जेमतेम ६ वॅट बाहेर जातात, आणि पूर्ण उजेडावर ठेवलेला पडदाच त्यातला मोठा वाटा खातो. उरलेल्यात प्रोसेसरने काम करायचे आणि चार्जिंग सुरू असेल तर बॅटरीनेही तापायचे. हिशेब जुळत नाही, म्हणून यंत्र आधी पडदा मंद करते, मग प्रोसेसरचा वेग उतरवते आणि शेवटी थांबते. हा बिघाड समजू नये. बॅटरी आणि आपला हात वाचवण्यासाठी यंत्रात घातलेली ही पायरीपायरीची माघार आहे. ॲपल कंपनी आपल्या आयपॅडसाठी वापराचे तापमान ० ते ३५ अंश असे सांगते. विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी ही मर्यादा अपुरी आहे, आणि येथे यंत्रे विकणाऱ्यांनी ती खोक्यावर ठळक अक्षरांत छापली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पंख्याचा प्रयोग झालेला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये आणलेल्या पहिल्या सरफेस प्रो टॅब्लेटमध्ये पंखे होते. त्याची जाडी साडेतेरा मिलिमीटर होती आणि वजन सुमारे ९०० ग्रॅम. पंखा आला की हवेला आत-बाहेर जायला फटी हव्यात. फटींतून धूळ आणि पाणी आत जाते, पंख्याचा आवाज येतो आणि हातात धरायची वस्तू जड होते. २०१० साली आलेला पहिला आयपॅड पंख्याविना १३.४ मिलिमीटर जाड आणि सुमारे ६८० ग्रॅम वजनाचा होता. २०२४ चा तेरा इंची आयपॅड प्रो ५.१ मिलिमीटर जाड आणि ५७९ ग्रॅम वजनाचा आहे. एवढ्याशा जागेत पंख्याऐवजी उष्णता पसरवण्यावर भर दिला जातो. ग्रॅफाइटचे पातळ पापुद्रे आपल्या पातळीत तांब्यापेक्षाही चांगली उष्णता वाहून नेतात, त्यामुळे प्रोसेसरच्या डोक्यावर एकच निखारा न राहता सगळी पाठ सारखी कोमट होते. त्या २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये पाठीवरच्या बोधचिन्हात तांबे बसवले आहे, तेही याच कामासाठी. मात्र पसरवणे वेगळे आणि बाहेर घालवणे वेगळे. शेवटची मर्यादा अंगाच्या क्षेत्रफळाचीच राहते.

आपल्या मुलाच्या डेस्कटॉपला ही मर्यादा नाही, कारण त्याची उष्णता पंखा उचलून नेतो. ३०० वॅट खर्च करणाऱ्या संगणकातली हवा दहा अंशांनी तापू द्यायची असेल, तर दर सेकंदाला सुमारे २६ लिटर हवा त्यातून वाहावी लागते. एक-दोन मोठे पंखे हे काम सहज करतात. बाहेरची हवा ४० अंशांची असली, तरी आतला प्रोसेसर ८०-९० अंशांपर्यंत काम करू शकतो, आणि त्याला कोणी हातात धरत नाही.

तोवर आपण एवढे करावे. जाड कव्हर काढावे, टॅब्लेट उशीवर किंवा गादीवर ठेवू नये (तसे केल्यास अर्धे अंग झाकले जाते), चार्जिंग आणि व्हिडिओ एकाच वेळी चालवू नयेत आणि छताच्या पंख्याखाली बसावे. वाहत्या हवेत वरच्या हिशेबातला दर चौरस मीटरमागे १० वॅटचा आकडा बराच वाढतो. तापलेला टॅब्लेट फ्रिजमध्ये मात्र कधीही ठेवू नये, कारण आत दव धरते.

प्रश्न : माझा छपाईपूर्व मांडणीचा व्यवसाय आहे. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या लहान आकाराच्या डेस्कटॉपची मेमरी वाढवायला गेलो, तर ती बोर्डावरच सोल्डर केलेली असल्याचे कळले. पूर्वी रॅमची पट्टी विकत आणून आम्ही स्वतः बसवत असू. ही निव्वळ लुबाडणूक नाही का?
– एक व्यावसायिक, ठाणे

आपला राग रास्त आहे, पण तो योग्य जागी पडावा म्हणून थोडे मोजमाप करू. निर्वात पोकळीत प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेघेतून विजेचा संदेश त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर जातो. आजची वेगवान मेमरी एका तारेवरून सेकंदाला ८०० कोटी बिट पाठवते. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला नॅनोसेकंदाचा आठवा भाग येतो, आणि तेवढ्या वेळात संदेश दोन सेंटिमीटरसुद्धा पुढे जात नाही. प्रोसेसर आणि रॅमची पट्टी यांच्यात आठ-दहा सेंटिमीटर अंतर असेल, तर एकाच तारेवर एकामागोमाग चार-पाच बिट धावत असतात. वाटेत पट्टी खोचायची खाच आली की प्रत्येक जोडावरून संदेशाचा थोडा अंश प्रतिध्वनीसारखा मागे फिरतो आणि मागून येणाऱ्या बिटात मिसळतो. मेमरी प्रोसेसरला खेटून सोल्डर केली की अंतर घटते, जोड नाहीसे होतात आणि कमी व्होल्टेजवर अधिक वेग मिळतो. मदरबोर्डवर नागमोडी वळणे घेत जाणाऱ्या बारीक रेघा आपण पाहिल्या असतील. सर्व तारांची लांबी सारखी भरावी, एकही बिट आधी किंवा उशिरा पोहोचू नये, यासाठीच ती वळणे असतात.

ही केवळ कंपन्यांची सबब नाही, याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. ग्राहकाला स्वतः उघडता यावेत असे लॅपटॉप बनवणाऱ्या फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला पहिला डेस्कटॉप जाहीर केला, आणि त्यात मेमरी सोल्डर केलेली होती. त्यांनी निवडलेल्या एएमडीच्या प्रोसेसरला २५६ तारांच्या रुंद वाटेने सेकंदाला २५६ जीबी एवढी माहिती हवी असते. डीडीआर५ या आजच्या नेहमीच्या मेमरीच्या दोन पट्ट्या, तारेमागे सेकंदाला ५६० कोटी बिटांच्या वेगाने, जेमतेम ९० जीबी देतात. काढता येणारी मेमरी बसवण्याची शक्यता एएमडीच्या अभियंत्यांबरोबर तपासून पाहिल्यानंतरच, ती या वेगाला टिकत नाही म्हणून, हा निर्णय घेतल्याचे कंपनीने सांगितले. दुरुस्तीचा आग्रह धरूनच नाव मिळवलेल्या कंपनीला अशी तडजोड करावी लागली, हे मला महत्त्वाचे वाटते.

तरीही आपली तक्रार इथे संपत नाही. एक तर, ज्या संगणकांना एवढ्या वेगाची गरज नाही, त्यांतही मेमरी सोल्डर केली जाते. तिथे वेगाचे कारण लागू पडत नाही. दुसरे असे की मधला मार्ग तयार झाला आहे : मेमरीची पट्टी उभी न खोचता सपाट ठेवून स्क्रूने दाबून बसवायची रचना, जिला कॅम-२ म्हणतात, जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या कमी विजेवर चालणाऱ्या प्रकाराचा लॅपटॉप लेनोवोने २०२४ मध्येच बाजारात आणला. तिसरी गोष्ट साठवणुकीची. फायली कायमच्या साठवणाऱ्या एसएसडीची जोडणी मुळातच लांब अंतरासाठी बनलेली आहे आणि खाचेत बसवूनही तिचा पूर्ण वेग मिळतो. त्यामुळे एसएसडी सोल्डर करण्याला वेगाचे कारण देता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो ८ आणि ९ या टॅब्लेटांतसुद्धा पाठीमागे छोटे दार उघडून एसएसडी बदलता येते. जे टॅब्लेटला जमते ते टेबलावर ठेवायच्या संगणकाला जमणार नाही, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

राहिला प्रश्न किमतीचा. खरेदीच्या वेळी जास्त मेमरीसाठी उत्पादक जो फरक आकारतो, त्याचा या तारांच्या लांबीशी काहीही संबंध नाही. तो ग्राहकाला दुसरा पर्याय नाही म्हणून आकारता येतो. आपल्या व्यवसायात फायली मोठ्या असतात. पुढचा संगणक घेताना मेमरी सोल्डर केलेली आहे की नाही हे कोटेशनवर लिहून मागावे, आणि सोल्डर केलेली असेल तर पाच वर्षांनी लागेल तेवढी आजच घ्यावी.

प्रश्न : सर्वेक्षणासाठी आम्हाला टॅब्लेट दिले आहेत. पावसाळ्यात वाड्या-वस्त्यांवर फिरताना पडद्यावर थेंब पडले किंवा बोटे ओली असली की भलतीकडेच नोंद होते. त्याचे काय करावे?
– एक आरोग्यसेविका, भोर तालुका

काचेखाली इंडियम टिन ऑक्साईडच्या पारदर्शक रेघांची आडवी-उभी जाळी असते. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे विजेचा अगदी थोडा भार साठवलेला असतो. बोट जवळ आले की त्यातला काही भार बोटाकडे ओढला जातो आणि टॅब्लेटला स्पर्शाची जागा कळते. दाबाची येथे गरजच नसते. पाण्याचा थेंबही वीज वाहून नेत असल्यामुळे तो आपल्या बोटासारखाच वागतो, आणि ओल्या बोटाचा ठसा पसरट होऊन त्याचा मध्य सरकतो.

जुन्या, दाबावर चालणाऱ्या पडद्यांना ही अडचण नव्हती. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी आणलेल्या पहिल्या 'आकाश' टॅब्लेटला असाच पडदा होता. तो नखाने आणि ओल्या बोटानेही चालत असे, पण दाब द्यावा लागे आणि दोन बोटांनी चित्र मोठे करणे जमत नसे. पवईच्या आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या 'आकाश २' मध्ये आजच्यासारखा भारावर चालणारा पडदा बसवला गेला. शेतात आणि पावसात वापरण्याच्या टॅब्लेटसाठी खरे तर ओल्या बोटांची आणि हातमोज्यांची सोय असलेले मजबूत प्रकार मिळतात. खरेदी करणाऱ्या कार्यालयाने त्यांचा विचार करायला हवा, कारण नोंद चुकली तर दोष तुमच्यावर येतो. सध्या सोबत सुती रुमाल ठेवावा आणि रबरी टोकाऐवजी धातूच्या बारीक जाळीचे टोक असलेली लेखणी वापरून पाहावी. ती ओलाव्यात बोटापेक्षा बरी चालते.

प्रश्न : टॅब्लेट चार्जिंगला लावलेला असताना त्याच्या पाठीवरून बोट फिरवले की मुंग्या आल्यासारखे वाटते. संगणकाच्या कॅबिनेटला टेस्टर लावला तर तोही पेटतो. घर जुने आहे. यात धोका आहे का?
– एक गृहिणी, राजापूर

या दोन तक्रारी दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांचे गांभीर्य वेगळे आहे, म्हणून त्या वेगळ्या समजून घ्याव्यात.

टॅब्लेटचा चार्जर दोन पिनांचा असतो (काही चार्जरांना तिसरी पिन दिसते, पण ती नुसती प्लॅस्टिकची असते). त्याच्या आत विजेचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करून व्होल्टेज उतरवले जाते. या कापाकापीतून निघणारा विद्युत गोंगाट परत फिरवण्यासाठी २३० व्होल्टची बाजू आणि टॅब्लेटची बाजू यांच्यामध्ये एक अगदी लहान कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) जाणूनबुजून जोडलेला असतो. एक नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सुमारे ०.०७ मिलिअँपिअर प्रवाह झिरपतो. अशा चार्जरांसाठी सुरक्षेच्या मानकांत ०.२५ मिलिअँपिअरची मर्यादा आहे. एवढ्या प्रवाहाने इजा होत नाही, परंतु धातूवरून बोट हलकेच फिरवले की त्वचा त्या विजेच्या तालावर थरथरते आणि मुंग्या जाणवतात. पाय ओल्या फरशीवर असतील तर अधिक जाणवतात. चार्जर मूळ कंपनीचा किंवा बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह असलेला असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. रस्त्यावरच्या स्वस्त चार्जरमध्ये मात्र या जागी साधा, कमी दर्जाचा कपॅसिटर बसवलेला असू शकतो, आणि तो फुटून आतून जोडला गेला, तर संपूर्ण २३० व्होल्ट टॅब्लेटच्या पाठीवर येतात. तिथे चार पैसे वाचवू नयेत. अशा चार्जरच्या गोंगाटामुळे चार्जिंग सुरू असताना पडद्यावरचा स्पर्शही वेडावाकडा होतो. तसे होत असेल तर तो चार्जर बदलण्याची खूण समजावी.

कॅबिनेटची गोष्ट अधिक गंभीर आहे. डेस्कटॉपच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, असे दोन कपॅसिटर असतात, एक फेजपासून कॅबिनेटकडे आणि एक न्यूट्रलपासून कॅबिनेटकडे. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा प्रवाह मुकाट्याने जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट दोघांच्या मधोमध, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहते, आणि म्हणून आपला टेस्टर पेटला. झिरपणारा प्रवाह अर्ध्या मिलिअँपिअरच्या आतबाहेर असतो, तोवर केवळ झिणझिण्या येतात. भीती वेगळी आहे : उद्या एसएमपीएसमध्ये खरोखर बिघाड होऊन फेज कॅबिनेटला टेकली, तर अर्थिंगविना ती तिथेच वाट पाहत बसेल, फ्यूज उडणार नाही, आणि पहिला हात लावणाऱ्याच्या अंगातून प्रवाह जाईल. डेस्कटॉपची रचना करणाऱ्याने भिंतीतल्या तिसऱ्या तारेवर विसंबून ती केलेली असते. ती तार आपल्या घरात नाही.

म्हणून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग करून घ्यावे. राजापूर परिसरातल्या जांभ्या दगडात ओल टिकत नाही आणि अर्थिंगचा रोध वाढतो. खड्डा खोल घ्यावा, कोळसा-मिठाचा भराव करावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहावे. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा. आणि एक कळकळीची विनंती : सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून 'काम झाले' असे सांगणारे कारागीर असतात. तसे मुळीच करू देऊ नका, कारण न्यूट्रल कुठेही तुटली की संपूर्ण कॅबिनेट फेजवर येते.

प्रश्न : लहान, देखणा संगणक बनवणे ही श्रेष्ठ अभियांत्रिकी आणि मोठे खोके म्हणजे आळस, असे आमच्या वर्गात बोलले जाते. आपले मत काय?
– अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, सांगली

माझे मत याच्या बरेचसे उलट आहे, आणि त्याला ॲपलच्याच एका यंत्राचा आधार आहे. २०१३ अखेरीस आलेला मॅक प्रो हा २५ सेंटिमीटर उंचीचा काळा चकचकीत दंडगोल होता. आत ॲल्युमिनियमचा त्रिकोणी गाभा, त्याच्या तीन बाजूंना एक प्रोसेसर आणि दोन ग्राफिक्स बोर्ड, आणि माथ्यावर एकच मोठा, संथ पंखा. तिन्ही बाजूंची उष्णता एकाच गाभ्यात आणून एका पंख्याने वर काढण्याची ती कल्पना अतिशय सुंदर होती. पण तिच्यात एक गृहीतक पक्के बसवलेले होते : उष्णता तीन बाजूंना साधारण सारखी वाटली जाईल. पुढे ग्राफिक्सचे काम दोन लहान चिपांवरून एका मोठ्या, तापट चिपेकडे वळले, आणि ती एका बाजूवर बसवण्याची सोय त्या गाभ्यात नव्हती. एप्रिल २०१७ मध्ये ॲपलच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी, उष्णतेच्या बाबतीत आपण स्वतःच स्वतःला कोपऱ्यात अडकवून घेतले, अशी कबुली पत्रकारांना दिली. २०१९ चा मॅक प्रो पुन्हा एक मोठे, उघडता येणारे खोके होता.

याच्या शेजारी इंटेलने १९९५ मध्ये ठरवलेले एटीएक्स हे मानक ठेवा. मदरबोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोके ठरलेल्या जागी, मागच्या जोडण्यांची खिडकी ठरलेल्या मापाची. त्यानंतर प्रोसेसर, मेमरी आणि साठवणूक यांच्या कित्येक पिढ्या उलटल्या, तरी जुन्या कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड बसतो. २००४ च्या सुमारास पेंटियम फोर प्रोसेसर १०० वॅटच्या पुढे गेले तेव्हा इंटेलने समोरून सरळ हवा खेळवणारी बीटीएक्स ही नवी मांडणी आणली, पण पुढच्या प्रोसेसरांनी वीज कमी खाल्ली आणि २००६ मध्ये ती मागे पडली. आज एखाद्या टोकाच्या डेस्कटॉपमध्ये २५३ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर आणि ४५० वॅटचे ग्राफिक्स कार्ड एकत्र नांदतात. दोन्ही मिळून हलक्या इस्त्रीएवढी उष्णता. ती सामावून घेण्याची ताकद त्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत आहे. मोठा पंखा सावकाश फिरून जेवढी हवा देतो, तेवढी देण्यासाठी लहान पंख्याला जोरात फिरावे लागते आणि त्याचा आवाज वेगाबरोबर झपाट्याने चढतो, हेही आपण प्रयोगशाळेत स्वतः मोजून पाहू शकाल.

लहान यंत्रांना मी कमी लेखत नाही. २०२४ चा मॅक मिनी अवघा १२.७ सेंटिमीटर चौरस आणि ५ सेंटिमीटर उंच आहे, वीजपुरवठा त्याच्या पोटातच आहे, आणि हवा तळाच्या बैठकीतूनच आत येते व तिथूनच बाहेर जाते. कमी वीज खाणाऱ्या चिपेमुळे हे साधले. चालू-बंद करण्याचे बटण तळाशी गेले याची चर्चा फार झाली. त्याहून ती हवेची वाट अभ्यासण्यासारखी आहे. याउलट पडद्यातच संगणक बसवलेला २०२१ चा आयमॅक ११.५ मिलिमीटर पातळ करताना वीजपुरवठा बाहेर काढून तारेवर टांगावा लागला, आणि हेडफोनची पिन १४ मिलिमीटर लांब असल्यामुळे तिचे भोक पाठीऐवजी कडेला घ्यावे लागले. टेबलावर ठेवलेल्या पडद्याची कड दिवसातून किती वेळा दिसते, हा प्रश्न आपल्या वर्गात अवश्य विचारावा.

प्रश्न : मुलीच्या अभ्यासाचा टॅब्लेट सतत चार्जरला लावलेला असे. आता त्याची काच एका बाजूने उचलली गेली आहे. बॅटरी फुगली असे दुकानदार म्हणतो, पण ती चिकटवलेली असल्यामुळे काढायला तयार नाही. पुढे काय करावे?
– एक पालक, नाशिक

सर्वप्रथम चार्जर काढा आणि टॅब्लेट बंद करा. उचललेली काच दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका. टॅब्लेटमधील लिथियम बॅटरीला पत्र्याचा डबा नसतो. ती ॲल्युमिनियमच्या पातळ वेष्टनातली पिशवी असते. पूर्ण चार्ज अवस्थेत आणि उष्णतेत तिच्यातला द्रव हळूहळू विघटित होऊन वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. सतत चार्जरला लावलेले यंत्र या दोन्ही गोष्टी एकदम पुरवते. फुगलेल्या पिशवीला टोक लागले किंवा ती वाकली, तर आतले थर एकमेकांना टेकून ती पेट घेऊ शकते. दुकानदाराने नकार दिला हे म्हणूनच एका अर्थी बरे झाले.

परंतु बॅटरी चिकटवलेलीच का असावी, हा आपला अध्याहृत प्रश्न मी सोडणार नाही. चिकटवल्याने जाडी वाचते, बॅटरी हलत नाही आणि पातळ सांगाड्याला थोडा ताठपणा मिळतो, हे खरे आहे. पाणी आत जाऊ नये म्हणून असे करावे लागते, हा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. सॅमसंगच्या गॅलक्सी टॅब ॲक्टिव्ह मालिकेतले टॅब्लेट पाण्यात पडले तरी टिकतात आणि त्यांची बॅटरी हाताने काढता येते. त्यासाठी सुमारे १० मिलिमीटर जाडी मोजावी लागते. पहिला आयपॅड याहून जाड होता आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केल्याचे आठवत नाही. बॅटरी ही टॅब्लेटमधली निश्चित झिजणारी वस्तू आहे. ती बदलता न येण्याजोगी बसवणे ही निवड आहे आणि माझ्या मते चुकीची निवड आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोन आणि टॅब्लेटांसाठी नियम लागू केले : ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीची ८० टक्के क्षमता टिकली पाहिजे, आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आहे; तिथे आपल्या कंपनीची दुरुस्तीविषयक माहिती आहे का ते पाहावे.

टॅब्लेट सध्या अंथरूण, पडदे, कागद यांपासून दूर, उघड्या फरशीवर ठेवावा आणि लवकरात लवकर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात न्यावा. बॅटरी बदलून मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास तो ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रातच द्यावा. घंटागाडीत टाकू नये, कारण दाबयंत्रात अशी बॅटरी चिरडली की संपूर्ण गाडी पेटू शकते. नवीन टॅब्लेट घ्याल त्याच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे का, हे दुकानातच तपासा आणि असल्यास सुरू करून द्या. सुटीत तो कपाटात ठेवायचा असेल, तर निम्मा चार्ज करून, बंद करून, थंड कप्प्यात ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा काढून पुन्हा निम्म्यापर्यंत चार्ज करावा.